काचेचं कौल

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात माझी आई रत्नागिरीहून शेफिल्डला आली, सहा महिन्यांसाठी. माझी मुलगी तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांची होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी असा सगळा बेत आई विमानात बसायच्या आधीच ठरवून आली होती. पहिल्या दिवशीच तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आणि मग एकेक गंमत सुरू झाली. फोडणी करपायला लागली. आमटीत गोड्या मसाल्याऐवजी लाल तिखट दुसऱ्यांदा पडलं. गवार मोडताना दोरे राहून जायला लागले. एकदा कांदा चिरताना बोट कापलं, चांगलं खोल.

डिसेंबरच्या मध्यावर ती म्हणाली, "तूच कर गं आता. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. वय झालं." त्यानंतर ती स्वयंपाकघरात फक्त चहाचा कप ठेवायला यायची. ज्या बाईने चाळीस वर्षं अंदाजाने मीठ टाकलं आणि ते कधी चुकलं नाही, ती सोफ्यावर बसून आम्ही केलेला पास्ता मुकाट्याने खात होती. मला ते बघवेना. डोळे तपासून घेतले. मोतीबिंदूची अगदी सुरुवात, चष्म्याचा नंबर बरोबर, ऑपरेशनची घाई नाही. म्हणजे डोळे या वयात असतात तसेच होते.

आता मला जे कबूल करायचंय ते करते. मी प्रकाशशास्त्रात पीएचडी केली आहे. रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी प्रकाश मोजते आणि त्याचा पगार घेते. पण घर घेतल्यापासून चार वर्षांत माझ्या स्वतःच्या ओट्यावर किती उजेड पडतो हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

आमचं घर इंग्लंडात हजारोंनी आहेत त्यातलंच एक. एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग, समोर रस्ता, मागे छोटं अंगण. स्वयंपाकघर मूळ घराच्या मागे नंतर जोडलेलं, एकमजली, उतरत्या छपराचं. आपल्याकडच्या मागच्या पडवीची आठवण व्हावी असं. २.१ मीटर रुंद, ३.६ मीटर लांब. एक खिडकी, आणि तिच्यासमोर दीड मीटरवर शेजाऱ्यांची काळवंडलेली विटांची भिंत. गडद तपकिरी लाकडाची कपाटं, वरही आणि खालीही. काळा चकचकीत ओटा. मधोमध छतावर एक दिवा.

प्रयोगशाळेतून लक्समीटर आणला. (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, नेहमीचा घरगुती एलईडी दिवा साधारण ८०० ल्युमेन देतो.) डिसेंबरातली दुपारची तीनची वेळ, दिवा लावलेला. खोलीच्या मध्यभागी १६० लक्स. मग आईला तिच्या नेहमीच्या जागी उभं केलं आणि मीटर तिच्यासमोर, चिरायच्या फळीवर ठेवला. ४५ लक्स. दिवा तिच्या पाठीमागे होता आणि ती स्वतःच्याच सावलीत चिरत होती. ओट्यावर काम करायला ३०० ते ५०० लक्स असावेत असं प्रकाशयोजना करणारे साधारण धरतात.

यात वयाचा हिशेब धरायचा राहिला. वाढत्या वयात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळट होत जातं. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणजे आईचे ४५ लक्स हे विशीतल्या पोराचे १५. तेवढ्या उजेडात तुम्ही मोहरी तडतडली की करपली हे रंगावरून ओळखून दाखवा, मग बोलू.

घरातली पहिली प्रतिक्रिया कोणत्याही घरात होईल तीच झाली. नवऱ्याने जाऊन चार झगझगीत स्पॉटलाइट आणले आणि छताला लावले. मीटर खूश झाला, २८० लक्स. आई मात्र कपाळावर आडवा हात धरून उभी राहायला लागली, गच्चीवर उन्हात पापड वाळत घालताना धरायची तसा. वयस्कर भिंगाची दुसरी खोड ही की ते प्रकाश विखुरतं. उघडा दिवा नजरेच्या टप्प्यात आला की त्याचा पांढुरका पडदा सगळ्या चित्रावर पसरतो आणि काळं-पांढरं यांतला फरकच पुसट होतो. शिवाय आमच्या काळ्या चकचकीत ओट्यात ते चारही दिवे आरशात दिसावेत तसे दिसत होते. उजेड सहापट झाला होता आणि तिला आधीपेक्षा बरं काही दिसत नव्हतं.

उत्तर माझ्या टेबलावरच पडलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत एक पोकळ गोल आहे, आतून शुभ्र पांढरा. त्याला रिचर्ड उलब्रिख्ट या जर्मन अभियंत्याच्या नावाने उलब्रिख्ट गोल म्हणतात. दिव्यातून एकूण किती प्रकाश निघतो ते मोजायला तो वापरतात. आत दिवा ठेवला की प्रकाश भिंतीवर आपटतो, परततो, पुन्हा आपटतो, आणि थोड्याच वेळात गोलाच्या आत सगळीकडे सारखा उजेड होतो. सावली उरत नाही. आता कल्पना करा की स्वयंपाकघर हा एक वाईट आकाराचा आणि मळका उलब्रिख्ट गोल आहे.

थोडं गणित करू, घाबरू नका. भिंती, छत, जमीन, कपाटं यांची सरासरी परावर्तनक्षमता R धरू. दिव्याचा प्रकाश पहिल्यांदा आपटला की त्यातला R हिस्सा परत येतो, दुसऱ्यांदा R चा वर्ग, तिसऱ्यांदा R चा घन. दहावीतली भूमितीश्रेढी. सगळ्याची बेरीज १ भागिले (१ − R). आमच्या खोलीची सरासरी निघाली ३५ टक्के. म्हणजे बेरीज १.५. तीच ७० टक्के केली तर ३.३. दिवा तोच, वीज तेवढीच, उजेड दुपटीहून जास्त. पण खरी मजा सावलीत आहे. सावलीत दिव्याचा थेट प्रकाश पोचतच नाही, पोचतो तो फक्त परतलेला, म्हणजे R भागिले (१ − R). तो ०.५४ वरून २.३३ वर जातो. चौपटीहून अधिक! आई जिथे उभी राहून चिरत होती, नेमका तिथे.

तुमच्या खोलीचा R काढायला लक्समीटर लागत नाही. फोनवर उजेड मोजायचं फुकट ॲप घ्या. छपाईचा साधा कोरा पांढरा कागद सुमारे ८० टक्के प्रकाश परत करतो. ती आपली मोजपट्टी. कागद कपाटाच्या दारावर चिकटवा, फोनचा सेन्सर त्याच्याकडे तोंड करून वीतभर अंतरावर धरा, आकडा लिहा. मग कागद काढून त्याच जागी पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा आला तर दार ४० टक्क्यांचं. फोनची सावली पडू देऊ नका, एवढंच पथ्य. आमची कपाटं १५ टक्के निघाली, जमीन १० आणि ज्याला आम्ही चार वर्षं पांढरं समजत होतो ते छत ६०. तळणीच्या वाफेचे थर साचले होते. रंगाच्या डब्यावर किंवा रंगांच्या पुस्तिकेत हाच आकडा बहुधा छापलेला असतो. दुकानातला माणूस रंगांची गोड नावं सांगत बसला तर त्याला तो विचारा.

एवढं सगळं मी जेवणाच्या टेबलावर मोठ्या उत्साहाने समजावलं. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आमच्या गुहागरच्या घरी चुलीवर एक काचेचं कौल होतं. इथे वर पाट्यांचंच छप्पर आहे ना? त्यातल्या चार काढ आणि काच लाव."

कोकणातल्या घरात वाढलेल्यांना काचेचं कौल माहीत असेल. कौलारू छपरात मध्येच एखादं कौल काचेचं, त्यातून उन्हाची तिरीप खाली येते आणि चुलीचा धूर त्या तिरिपेत निळसर दिसतो. मी चार पानं गणित करून जिथे पोचणार होते तिथे ती आधीच जाऊन बसली होती. कारण उत्तर इंग्लंडचं आकाश हिवाळ्यात जवळजवळ कायम ढगाळ असतं, आणि ढगाळ आकाश सगळीकडे सारखं उजळ नसतं. मून आणि स्पेन्सर यांनी १९४२मध्ये त्याचं सूत्र दिलं: माथ्यावरचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशाच्या तिप्पट उजळ. समोर काहीही आडवं नसलेल्या उभ्या खिडकीवर उघड्या गच्चीच्या जेमतेम ४० टक्के उजेड पडतो. आमच्या खिडकीसमोर तर भिंत. २१ डिसेंबरला भर दुपारी रत्नागिरीत सूर्य क्षितिजापासून ५० अंश वर असतो, शेफिल्डमध्ये १३ अंश. तो शेजाऱ्यांच्या घरावरून डोकावतच नाही. मग भिंतीतली खिडकी मोठी करून काय उपयोग? उजेडाची तिजोरी डोक्यावर होती आणि आम्ही तिला झाकण लावलं होतं.

आई मे महिन्यात परत गेली आणि जूनमध्ये आम्ही काम काढलं. उतरत्या छपरात दोन खिडक्या, दोन्ही मिळून काच सुमारे १.१ चौरस मीटर. इंग्लंडात अशा खिडक्या छपराच्या फार वर येत नसतील तर बांधकामाची वेगळी परवानगी बहुतेक ठिकाणी लागत नाही, पण वासे कापायचे म्हणजे पालिकेच्या इमारत तपासनिसाला कळवावं लागतं. आम्ही कळवलं, तुम्हीही कळवा, छप्पर डोक्यावर असतं. खिडकीच्या बाजूची वरची कपाटं काढून टाकली. त्यातले डबे जिन्याखाली गेले. नवऱ्याने यावर आठवडाभर सुतक पाळलं, नंतर त्याला कळलं की त्यातले निम्मे डबे रिकामेच होते. खालच्या कपाटांची फक्त दारं बदलली, सांगाडे तेच. ओटा फिकट आणि मुद्दाम बिनचकाकीचा. चकाकी प्रकाश परत करते तशी दिव्याची प्रतिमाही परत करते. आपल्याला पहिलं हवं होतं आणि दुसरं नको होतं.

शेजारच्या आजोबांकडे मी जरा भीतभीतच गेले, त्यांच्या भिंतीला आम्ही आमच्या खर्चाने पांढरा रंग दिला तर चालेल का विचारायला. ते म्हणाले, चालेल, फक्त दर पाच वर्षांनी देत जा. मळकी वीट दहा टक्के उजेड परत करते, पांढरी भिंत सत्तर. खिडकीला नवं आकाशच मिळालं.

डिसेंबरात ढगाळ दुपारी अंगणात साधारण ८,००० लक्स असतात. गुणिले १.१ चौरस मीटर, गुणिले काचेतून पार होणारा ०.७ हिस्सा: सुमारे ६,००० ल्युमेन. सात-साडेसात एलईडी दिवे, फुकट. खोलीच्या सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर. भागाकार करून वरच्या ३.३ने गुणलं तर सरासरी ४७० लक्स यायला हवेत. प्रत्यक्षात ओट्यावर ३८० मिळाले. गोल आणि खोली यांत एवढा फरक चालायचाच.

खोली अरुंद होती, तिचं काय? ती अजूनही २.१ मीटर रुंदच आहे. या बाबतीत मला धीर दिला तो १९२६च्या एका स्वयंपाकघराने. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी ते आखलं आणि पुढे तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४. आमच्याहून लहान! पण टोकाला खिडकी, खिडकीपाशी बसून काम करायची जागा, आणि छतावर रुळावरून सरकणारा दिवा, म्हणजे जिथे काम तिथे उजेड. शंभर वर्षांपूर्वी त्यांना आईची सावली दिसली होती. जागा कमी असणं आणि जागा कोंदट वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं की छत फिकं असेल तर ते आहे त्याहून उंच भासतं, आणि भिंती फिक्या असतील तर त्याचीही त्यात भर पडते.

इथे एक चूक केली ती सांगायलाच हवी. खोली उजळली आणि ओरडायला लागली. नव्या टाइल्स, नवा ओटा, काच, सगळं टणक. वाटीवर चमचा पडला तरी कानाला झोंबायचा, आणि मिक्सरवर चटणी वाटायला घेतली की वरच्या मजल्यावर बाळ उठायचं. मी प्रकाशाच्या नादात विसरले होते की टणक, गुळगुळीत पृष्ठभाग आवाजही तितक्याच इमानाने परत करतो. वॉलेस सेबिन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाला १८९५मध्ये एक व्याख्यानगृह दुरुस्त करायला सांगितलं होतं, जिथे बोललेला शब्द घुमत राहायचा. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तो मोजमाप करी आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवी. त्यातून निघालेलं सूत्र: घुमण्याचा काळ = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. आमच्या १८ घनमीटरच्या खोलीत तो जवळजवळ १.४ सेकंद येत होता. एवढ्याशा खोलीला हे फारच.

म्हणजे प्रकाश परत करणारा आणि आवाज गिळणारा असा एखादा पृष्ठभाग हवा. विरोधाभास वाटतो, पण नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रोमीटर. पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण त्याच्या साधारण निम्म्या आकाराचे असतात आणि प्रकाश जोरात विखुरतात. हजार हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर. त्याला असे कण दिसतही नाहीत. त्याला दिसतो तो मागचा सच्छिद्र थर, आणि त्यात शिरून घर्षणाने तो विरतो. छताला पांढरे, सच्छिद्र, दगडी लोकरीचे पत्रे लावले. लोकर खडकापासून केलेली, त्यामुळे पेट घेत नाही; तरी तेलाच्या वाफा नकोत म्हणून शेगडीच्या वरचा भाग सोडला. उरलेले सहा चौरस मीटर पुरले. घुमणं अर्ध्या सेकंदाच्या आत आलं, मिक्सरचा आवाज साडेचार डेसिबलने उतरला. बाळ झोपतं. निदान मिक्सरमुळे उठत नाही.

दिवे आता ओट्याच्या वरच्या फळीखाली आहेत, पुढच्या कडेला, पट्टीच्या आड लपवलेले. डोळ्याला दिवा दिसत नाही, उजेड दिसतो. ते घेताना एक बघा. खोक्यावर रंगदर्शकता ८० लिहिलेली असते. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो; गडद लाल रंग, ज्याला आर९ म्हणतात, त्या सरासरीत नाहीच. स्वस्त एलईडी आठांत पास होतात आणि लालमध्ये शून्याच्या आसपास असतात. अशा दिव्याखाली लाल तिखट तपकिरी दिसतं, आणि गोडा मसाला तपकिरी असतोच. आमटीचं कोडं इथे सुटलं. रंगदर्शकता ९० किंवा वर आणि आर९ वेगळा लिहिलेला असेल असे दिवे घ्या. थोडे महाग पडतात.

गेल्या नोव्हेंबरात आई पुन्हा आली. पहिल्याच दिवशी तिने विळी मागितली. मी आकडे सांगायला लागले तर म्हणाली, "दिसतंय ना मला." एवढंच. दुसऱ्या दिवशी आमटी तिची होती, मीठ अंदाजाने.

एक तक्रार तिने केली आणि ती रास्त होती: भात शिजताना काचेवरून थेंब पडतात, आणि एकदा तर फोडणीच्या कढल्यात पडला. शिजवताना हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली तर २० अंशांच्या हवेचा दवबिंदू १८ अंशांवर येतो, आणि थंडीत काचेची कड त्याहून गार असते. आमची शेगडीवरची चिमणी कोळशाच्या गाळणीतून हवा पुन्हा आतच सोडणारी होती. वास अडतो, वाफ अडत नाही. आता भिंतीला भोक पाडून हवा सरळ बाहेर नेली आहे. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं. तुम्ही काम काढणार असाल तर छपराच्या आधी हे करा.

जानेवारीत बर्फ पडला. सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघर पुन्हा पूर्वीसारखं अंधारं. दोन्ही काचांवर वीतभर बर्फ. आई म्हणाली, जावईबापूंना झाडू घेऊन वर पाठव. जावईबापूंनी घसरण्याच्या गुणांकाबद्दल काहीतरी सांगितलं. मग ती स्टुलावर चढली आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने आतून खिडकीचा खटका ओढला. खिडकी मध्यावर फिरणारी आहे. सगळा बर्फ ओट्यावर आला. कणीक झाकलेली होती म्हणून वाचली.